बाबांनी उतरायचं कुठे?

हॅलो?… हां, बोल वेनिंग… नाही गं, झोपतेय कुठली, रविवार असला म्हणून काय झालं, टेंपे तळतेय… थांब, गॅस बारीक करते… हं. बोल आता. आई कुठाय?… बाजारात? वोनोक्रोमोला? एवढ्या उन्हात?… बरं, एका अर्थी बरंच झालं, मोकळं बोलता येईल.

पत्रिका पोचल्या ना सोलोला, तुझ्या सासरी?… मग?… मांडववाला आला नाही का अजून?… आला? मग झालंय काय? आडून आडून काय बोलतेस गं, तुझ्या लग्नाला सहा दिवस राहिलेत, आता कसली प्रस्तावना! सरळ सांग.



काय?



परत बोल.

…बुधवारी… जहाजानं… बालिकपापानहून.

तू बोलावलंस त्याला?… हो, ‘त्याला’च म्हणणार. एकोणीस वर्षांपूर्वी आपली बॅग उचलून गेलेल्या माणसाला काय पायघड्या घालू?… ऐकतेय. ऐकतेय गं. बोल.

…मला शिकवू नकोस. निकाहाला वधूचा बाप वली म्हणून बसावा लागतो, हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहितीये. माझ्या निकाहाला कोण बसलं होतं? कचेरीतला अधिकारी! कपाळावरचा घाम पुसत, घड्याळाकडे बघत! त्याला त्या दिवशी अजून चार ठिकाणी जायचं होतं. माझं लग्न लागलंच ना? मग तुझंही लागेल… हो, कळलं… कळलं, तुला बाप हवाय. तो गेला तेव्हा पाच वर्षांची होतीस तू. तुला काय, तुला तो फोटोतला माणूस. मी सतरा वर्षांची होते.

…ती बाई येतेय का बरोबर?… नाही? एकटाच? बरं, तेवढी तरी लाज.

मग मला कशाला फोन? या म्हणावं, बसा म्हणावं, आणि परतीच्या जहाजानं… काय? कुठे उतरवायचं?

म्हणजे त्यासाठी मी. वा. शाबास. तीस लाख माणसं राहतात सुराबायात, त्यात एका माणसाला पाठ टेकायला जागा मिळेना, ती निकेनने शोधायची… हो, आहे मी ट्रॅव्हल ऑफिसात. दिवसभर लोकांच्या खोल्याच ठरवते. म्हणून याचीही ठरवू?

…बरं. बरं, रडू नकोस. लग्नाआधी डोळे सुजवून घेऊ नकोस, त्या सोलोच्या बायका काय म्हणतील… बुधवार ते शनिवार, तीनच रात्री ना? ठीक. माझ्या हातचा मळ आहे तो. ऐक.

दार्मोला एक गेस्टहाउस आहे. जुना डच बंगला, पुढे मोठी झाडं, अगदी शांत. मालकीणबाई स्वतः… जिना? हो, खोल्या वरच आहेत… का? माणसाला जिना चढता येत नाही?… दम लागतो? कधीपासून?… दोन वर्षं? तुला गं काय ठाऊक त्याचा दम?

वेनिंग.

वेनिंग, तुम्ही बोलता फोनवर?… तोंड बघून?… किती दिवस?



रमजानपासून. म्हणजे ईदला मी तुझ्याशेजारी बसून मूर्खासारखी हसत होते, आणि तू खिशात बाप घेऊन बसली होतीस… नाही, मी ओरडत नाहीये. हा माझा साधा आवाज आहे… हो, साधाच!

जाऊ दे. दार्मो नको. स्टेशनजवळ… नाही. गुबेंग स्टेशनसमोरचं ते लॉज नको. नको म्हणजे नको. मला माहितीये तिथे लिफ्ट आहे. कारण विचारू नकोस. ते एक सोडून कुठलंही सांग.

तुंजुंगानचं मोठं हॉटेल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तेगुहची सगळी मंडळी तिथेच उतरवलीयत ना मी! सकाळी नाश्त्याला तुझी सासू बशीत पपई वाढून घेत असणार, आणि शेजारी हा. ‘आपण कोण?’ ‘मी नवरीचा बाप.’ ‘अहो, पण आम्हाला तर सांगितलं होतं की ते परदेशी असतात!’… मग? कुणी सांगितलं होतं?… मीच. मीच सांगितलं होतं. काय सांगणार होते? सोलोची माणसं आहेत ती, चमचासुद्धा आवाज न करता ठेवतात. त्यांना काय सांगू, की आमचा बाप लाकडाच्या वखारीत कामाला म्हणून गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला?

…आंपेल. आंपेलच्या मशिदीपाशी यात्रेकरूंच्या खोल्या आहेत. खाली अत्तराची न खजुराची दुकानं, वर माणसं. पहाटेची बांग अगदी कानाशी. तोबा करायला यापरती सोयीची जागा नाही… टोमणा नाही, सोय सांगतेय… हो, संडास सामायिक… रात्री चारचारदा उठतो? मग उठू दे की! रांगेत उभं राहायची सवय होईल. आपण राहिलोच ना उभे, सरकारी तांदळाच्या रांगेत, आई, मी, आणि तू माझ्या कडेवर.

…मग विमानतळाकडे. तिकडे खालच्या मजल्यावरच्या खोल्या आहेत, स्वच्छ आहेत… हो, वारूचा चौक. शनिवारी सकाळी वारूच्या चौकात अडकला तर निकाह आठला आणि वली दुपारच्या नमाजाला. नको. खरंय. ते नको.

मग तूच सांग! मी एकेक सांगायचं आणि तू नाही म्हणायचं, मी काय तुला… कोण? कास्मिनमामा? मामा म्हणाला, माझ्याकडे उतरवा? कोणता मामा? आपलाच? टायरच्या दुकानातला?… वेनिंग, तो मामा गेली एकोणीस वर्षं म्हणतोय, हार्तोयो दिसला तर जॅकनं डोकं फोडीन. त्याला काय झालं मध्येच?… ‘बोललाय’ म्हणजे? मामाचंही बोलणं आहे? अरे वा! म्हणजे सगळी सुराबाया त्या माणसाशी बोलतेय, फक्त मी सोडून!

…मामाकडे जागा कुठाय पण? त्या टायरांत?… मग प्रश्नच मिटला, मामाचं नाव काढू नकोस.

…कुठे?

…पेनेलेहला.

आपल्या घरी? आईच्या घरी?

तू वेडी झालीयस. नाही, तू खरंच वेडी झालीयस. तलाक झालेली बाई, आणि तिच्याच घरात तो तीन रात्री? आपली गल्ली ती केवढी, स्कूटर हातानं ढकलत न्यावी लागते, समोरच्या घरात कुणी शिंकलं तर आपण ‘बरे व्हा’ म्हणतो. ती समोरची बू रतिह भांडी टाकून दारात येऊन बसेल बघ… काय?… आई तिच्याकडे झोपायला जाईल? बू रतिहकडे?

थांब. म्हणजे मला नीट समजू दे. आई, स्वतःच्या घरातून उशी घेऊन बाहेर पडणार. लोकांच्या घरी चटईवर झोपणार. आणि हा साहेब आईच्या पलंगावर. जो पलंग आईनं लोंटोंग विकून विकून घेतला. चार वाजता उठून पानात तांदूळ बांधून बांधून… ही अक्कल कुणाची? तुझी?

…आईची?

आई म्हणाली?

मग आई म्हातारी झाली! विसरली! होतं असं माणसाचं, साठीला आलं की जुनं सगळं गोड लागायला लागतं. तिला म्हणावं, तुला नसेल आठवत, मला आठवतंय. तो गेला त्यानंतर दर गुरुवारी मी तांजुंग पेराकला जायचे, ते माहितीये तुला? बंदरावर. गुरुवारी तिकडची, कालीमंतानची बोट लागायची. शाळा बुडवून जायचे. शिडीवरून उतरणारं एकेक माणूस बघायचे… पाच महिने. पाच महिने, वेनिंग! मग आईनं एक दिवस तिथे येऊन सगळ्या हमालांसमोर मला थोबाडीत मारली आणि घरी नेलं. त्यानंतर बंद.

आणि तुला गुबेंगचं लॉज का नको सांगू? सांगू का?

माझ्या लग्नाला मीच लिहिलं होतं त्याला. कुणाला न सांगता. पत्ता शोधून. लिहिलं, की बाबा, या. आईकडे उतरू नका, तिला त्रास होईल. मी स्टेशनसमोर खोली घेऊन ठेवलीय, खिडकीची, तिसऱ्या मजल्यावर, खाली रवोनचा रस्सा चांगला मिळतो. किल्ली माझ्या नावानं काउंटरवर ठेवायला सांगितलीय… हो, मी. मी लिहिलं होतं ‘बाबा’. त्याचं उत्तर आलं, येतो. आणि आदल्या दिवशी हातावर मेंदी ओली असताना मी त्या खोलीत जाऊन बसले. दोन वाजल्यापासून. चादर ताणून ठेवली, पाण्याची बाटली ठेवली. तो झोपताना उशीखाली टॉवेल घ्यायचा, म्हणून टॉवेल नेला होता घरून. दिवस बुडाला, मगरिबची बांग झाली. मग माझी नणंद, हेन्द्रोची बहीण, मला शोधत आली, नवरी कुठे गेली म्हणून. तशीच उठले.

तो आला नाही. साधा निरोप नाही. तेव्हापासून आठ वर्षं ‘का नाही आलो’ एवढंही नाही. आणि त्याला आता पलंग! आईला म्हणावं, तुला दुसऱ्यांदा तोंड काळं करून घ्यायचं असेल तर घे, पण मी त्या घरात…



काय म्हणालीस?

…नाही, परत बोल. ‘आले होते’ म्हणजे काय?

कोण आलं होतं?



कुठपर्यंत?… गल्लीच्या तोंडापर्यंत. आपल्या गल्लीच्या? कमानीपाशी? नारळाच्या झावळ्यांची कमान लावली होती, तिथे?… खोटं आहे. हे त्यानंच सांगितलं तुला ना? फोनवर? अगं माणसं अशी रचून रचून सांगतात, आणि तुझ्यासारख्या पोरी…

आईनं सांगितलं?

आईनं… परत पाठवलं?

…वेनिंग. तुझ्या मागे कोण आहे?

नाही, कुणीतरी आहे. नाक ओढल्याचा आवाज आला. बाजारात गेलीय म्हणालीस ना?… वेनिंग!… स्पीकरवर आहे? पहिल्यापासून?

या अल्लाह.

…सगळं ऐकलं तिनं? म्हातारी झाली म्हणाले ते?… दे तिला. दे फोन. स्पीकर बंद कर आणि तिच्या हातात दे. आणि तू बाहेर जा. नाही, जा.



आई?

…हो, मीच… बोल ना. सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

…हं.

…हं. आदल्या दिवशी. दुपारी. मी लॉजवर होते तेव्हा… तो आधी लॉजवर न जाता घरी का आला?… तुझी परवानगी मागायला. निकाहाला बसू का म्हणून विचारायला… आणि तू?

काय म्हणालीस नक्की? शब्द सांग.

…‘ही पोर मी वाढवली, हिचा हात द्यायला तू कोण.’

आई…

नाही, बरोबर आहे! बरोबरच बोललीस! पण तो हात माझा होता गं! माझा हात! मला विचारायचं तरी! मी तिकडे उशीखाली टॉवेल ठेवत होते, आणि तू इकडे माझ्या वतीनं… मला कळू तरी द्यायचं, आई! आला होता एवढं तरी! मी त्याला शिव्या दिल्या असत्या, हाकलला असता, मीच हाकलला असता, पण तो आला होता हे तरी मला…

काय?… का? काय भीती होती तुला?

…मी पुन्हा बंदरावर जाऊन बसले असते.

…आई, मी अठ्ठावीस वर्षांची होते.



हं. हं, ऐकतेय… थांब, कसला वास… गेलं. टेंपे गेलं, पार कोळसा… नाही, काही नाही, गॅस बंद केला. तू बोल. मामाचं काय?

…मामा त्याच्याबरोबर गेला? कुठे, निकाहाच्या कचेरीत?… सही करून गेला? कसली सही?… ‘माझ्या वतीनं अधिकाऱ्यानं लावावा.’… खोटं. आई, खोटं. मी तिथेच होते. निकाह लागताना मी आतल्या खोलीत होते, माईक खरखरत होता… माझं नाव ऐकू आलं, हेन्द्रोचं आलं, बाकी… बाकी मी ऐकलंच नाही. मला वाटलं, वलीच नाही म्हणून कचेरीनं आपला माणूस… सगळ्यांना तसंच वाटलं. की फक्त मलाच?

…पुस्तिकेत आहे? निकाहाच्या पुस्तिकेत?

नाही, ते पान मी कधी वाचलं नाही. काय वाचायचं होतं त्यात, ‘बाप बेपत्ता’? लागेल तिथे फोटोचं पान काढून देते, झालं… इथेच आहे. कपाटात. थांब. फोन ठेवू नकोस. आई, ठेवू नकोस हं.



हॅलो?… आहेस?… काढलीय. हिरवी, माझी. थांब, चष्मा…

वधू, निकेन बिंती हार्तोयो… वर… मेहर… हां. वली.

…हार्तोयो. नातं, सख्खा पिता.



आठ वर्षं हे माझ्या कपाटात होतं, आई. सणाच्या ठेवणीतल्या कबायांच्या घड्यांखाली. कबायांखाली होतं.

…नाही. नाही, माझ्याकडे काही मागू नकोस आत्ता. माफी वगैरे आत्ता नको. मला फार राग आलाय. तुझा आलाय. तुझा किती आलाय हे तुला कळणार नाही… तो पण काही कमी नाही! तू म्हणालीस जा, आणि हा गेला! बायको सोडताना कुणाचं ऐकलं नाही, आणि त्या दिवशीच नेमका आज्ञाधारक झाला! मला वर येऊन भेटायला काय झालं होतं? स्टेशन काय समुद्रापलीकडे होतं? पुढे आठ वर्षांत एक पत्र… शब्द दिला होता तुला? तुम्ही दोघांनी आपसांत शब्द दिले-घेतले, आणि माझं तोंड बांधलंत. छान. नांदायला जमलं नाही, एवढं मात्र बरोबर जमलं.

…रडू नकोस. रडलीस तर मी फोन ठेवीन… नको रडूस म्हटलं ना. बू रतिहला ऐकू जाईल.

बुधवारी किती वाजता लागतं जहाज?… सकाळी सहा. बरं… नाही, मामा नाही. वेनिंगही नाही. आणि तू तर नाहीच. मी जाते… एकटी जाते. रस्ता माहितीये मला तांजुंग पेराकचा.

आणि पेनेलेहला उतरणार नाही तो. तू घराबाहेर पडायचं नाहीस, ते घर तुझं आहे. हॉटेलही नको. माझ्याकडे उतरेल. रुंगकुटला… हो, पुढची खोली. जिना नाही, संडास बाजूलाच आहे. हेन्द्रोला मी सांगते… ए, पाझर-बिझर काही फुटलेला नाही मला, उगाच आनंद मानू नकोस. मला भांडायचंय त्याच्याशी. एकोणीस वर्षांचं भांडण आहे, ते हॉटेलच्या खोलीत होत नाही, शेजारचे खाली जाऊन तक्रार करतात. इथे कुणी बोलणार नाही. तीन रात्री मला पुरतील की नाही तेच बघायचंय.

…आणि मग तुझ्याशी. तुझं वेगळं. लग्न पार पडू दे आधी.

शुक्रवारी वेनिंगच्या लग्नाआधीच्या न्हाणाला त्याला घेऊन येईन. पहिलं पाणी तो घालेल, मग तू. तेगुहच्या आईला मी काय ते सांगते, मीच खोटं बोलले होते, मीच निस्तरीन… नाही, खरंच सांगणार. चमचा पडला त्यांच्या हातातून तर पडू दे.

…हं… हं, जेवेन. जेवेन मी काहीतरी… ठेवते.

आई.

…नाही, एक विचारायचंय. त्या दिवशी, कमानीपाशी… कपडे काय घातले होते त्यानं?

…बाटिकचा शर्ट… नवा?… कशावरून?

…घडीच्या रेघा दिसत होत्या.

…कॉलरला टाचणी पण होती तशीच?



बरं.

बरं. ठेव आता.